चार मिलिग्रॅमचा जमाखर्च

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षे लेखापाल म्हणून काम केले. समोर आलेले बिल ओळीओळीने वाचल्याखेरीज त्यावर सही करायची नाही, ही त्या कामाने लावलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेबसुद्धा मी दोनदा तपासते. असे असूनही 12 फेब्रुवारी 2024 रोजी इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात हाडांच्या राखणीसाठी घेतलेल्या इंजेक्शनाचे 9,185 रुपयांचे बिल मी न वाचताच भरले आणि पावती घडी घालून पर्समध्ये टाकली. कॅन्सर हा शब्द ज्या बिलामागे असतो, त्यावर घासाघीस करणे म्हणजे आपल्याच जिवाचा भाव पाडून मागणे, अशी काहीतरी भावना तेव्हा मनात होती. ती उतरायला मला चार दिवस आणि एक ताप लागला.

मला स्तनाचा कॅन्सर असल्याचे 2023 च्या जूनमध्ये कळले. शस्त्रक्रिया, केमोच्या चार फेऱ्या आणि रेडिएशनचे पंधरा दिवस हे सगळे डिसेंबरपर्यंत उरकले; ते इथे सांगत बसण्याचे कारण नाही. माझी गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी होती, आणि वय 59 असल्यामुळे पाळी जाऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. त्यामुळे पुढची निदान पाच वर्षे लेट्रोझोलची 2.5 मिलिग्रॅमची एक गोळी रोज घ्यायची, असे ठरले. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचे थांबवते, तरी शरीरातल्या चरबीत आणि इतर ऊतींत अ‍ॅरोमाटेज नावाच्या विकरामुळे ते थोडेफार तयार होत राहते; लेट्रोझोल त्या विकरालाच अडवते. गाठीचे पोषण त्यामुळे तुटते, पण हाडांची राखणही तेच इस्ट्रोजेन करत असल्याने हाडे एरवीपेक्षा लवकर विरळ होऊ लागतात. माझ्या आईचे खुब्याचे हाड वयाच्या सत्तराव्या वर्षी न्हाणीघरात घसरून मोडले आणि त्यानंतर ती घराबाहेर अशी पडलीच नाही, हे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ते लिहून घेतले.

लेट्रोझोल सुरू करतानाच त्यांनी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची तपासणी, करायला सांगितली. आमच्या वसाहतीत अधूनमधून हाडांच्या मोफत तपासणीचे शिबिर भरते, तिथे टाच एका छोट्या यंत्रात ठेवून दोन मिनिटांत आकडा देतात. वर्षभरापूर्वीचा तसा एक कागद माझ्याजवळ होता आणि तोच पुरेल असे मला वाटले होते. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. उपचार ठरवायचा तर कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची डेक्साच लागते, असे ते म्हणाले. माझ्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे 2.1 निघाला. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 या दरम्यान हाडे विरळ होऊ लागलेली, आणि उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा रोग, अशी ती मोजपट्टी आहे. म्हणजे मी उंबरठ्याजवळ होते आणि हाडांना आणखी झिजवणारी गोळी पाच वर्षे घेणार होते.

पुढे औषध कोणते, हा प्रश्न आला, आणि पैशाचा विषयही खरे तर तिथूनच सुरू झाला. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी सर्वांत स्वस्त पडते. ती सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते, कारण ती अन्ननलिकेला जाळते. माझे पित्त जुने आहे आणि एकदा एंडोस्कोपीही झालेली आहे, त्यामुळे ती बाद झाली. उरली दोन इंजेक्शने. एक डेनोसुमॅब, 60 मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. दुसरे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, 4 मिलिग्रॅम, तेही दर सहा महिन्यांनी, पण सलाइनमधून शिरेवाटे. रुग्णालयाच्या औषधालयात डेनोसुमॅबचा भाव 14,000 रुपयांच्या पुढे सांगितला गेला. तिथल्या एका तरुण समन्वयक बाईंनी मला बाजूला घेऊन समजावले, की डेनोसुमॅब हे ‘नवे’ आहे, त्यात सलाइन लावायला नको, ताप येत नाही, आणि ज्यांना परवडते ते तेच घेतात. ‘ज्यांना परवडते’ हे शब्द मला लागले. मुलीला पुण्याला फोन केला, तर ती म्हणाली, आई, पैशाकडे बघू नकोस. आमचे हे काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त मुदत ठेवीचा कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सरळ विचारले, की स्वस्त औषध हे कमी प्रतीचे औषध आहे का. त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ज्या वर्गात मोडते त्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे हाडांचे नुकसान तर टळतेच, शिवाय कॅन्सर हाडांत उलटण्याचे प्रमाणही कमी होते. अठरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आहे. डेनोसुमॅब हाडे मोडण्याचे प्रमाण चांगलेच कमी करते, याबद्दल वाद नाही, पण कॅन्सर उलटण्याबाबत त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांची मूत्रपिंडे कमकुवत असतात त्यांना डेनोसुमॅबच सोयीचे पडते, कारण झोलेड्रोनिक अ‍ॅसिड मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढते ते माझे क्रिएटिनिन 0.8, म्हणजे ठीक, होते. “तुमच्या बाबतीत मी स्वतःच्या बहिणीलाही झोलेड्रोनिकच दिले असते,” असे ते म्हणाले. तीन वर्षांत सहा डोस, आणि मग पुन्हा विचार.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिचे महत्त्व मला पुढे वर्षभराने कळले. डेनोसुमॅबचा परिणाम औषध थांबताच ओसरतो आणि थोपवून ठेवलेली झीज एकदम वसूल व्हावी तशी हाडे वेगाने झिजू लागतात. काही जणींचे मणके एकापाठोपाठ एक मोडतात. म्हणून ते मध्येच सोडता येत नाही, आणि सोडायचेच झाले तर मागोमाग बिस्फॉस्फोनेट द्यावे लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सेंधव्याकडची एक बाई बसली होती. तिचा नवरा वारला होता आणि मुलगा ट्रकवर होता. तिला दुसऱ्या कुठल्याशा गावी डेनोसुमॅबची इंजेक्शने सुरू केली गेली होती. दोन घेतली, तिसऱ्याच्या वेळी कापसाचे पैसे आले नव्हते म्हणून राहिले, आणि त्याला आता दहा महिने होत आले होते. पाठ दुखते का, असे मी विचारले तर ती म्हणाली, पाठ कोणाची दुखत नाही. मी तिला आत गेल्यावर हे पहिल्या वाक्यात सांगायला लावले, आणि विसरेल म्हणून तिच्या पर्च्याच्या मागे इंजेक्शनाचे नाव व शेवटची तारीख हिंदीत लिहून दिली. पुढे तिचे काय झाले ते मला कळले नाही. पण एका डोसाची किंमत विचारून औषध ठरवणे कसे चुकीचे आहे, ते त्या बाकावर मला समजले; शेवटच्या डोसापर्यंतची किंमत विचारायला हवी, आणि मध्ये खंड पडला तर काय होते तेही.

झोलेड्रोनिक ठरल्यावर लगेच सलाइन लावतील असे वाटले होते, पण आधी दात दाखवून या, असा निरोप मिळाला. या औषधाने क्वचित जबड्याचे हाड मरते, आणि तसे बहुधा दात काढण्यासारख्या प्रसंगानंतर होते, म्हणून काढायचे दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते. माझी डावीकडची एक दाढ कित्येक दिवस ठणकत होती आणि केमोच्या गडबडीत तिच्याकडे लक्षच गेले नव्हते. एम.वाय. हॉस्पिटलच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ती अगदी नाममात्र खर्चात निघाली. रांग मोठी होती, पण काढणाऱ्या मुलीचा हात हलका होता. त्याच महिन्यात ड जीवनसत्त्व तपासले, ते फारच कमी निघाले, आणि 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे दुधातून घेतली. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसे नसताना हे इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरू शकते. लेट्रोझोल आणि कॅल्शियमच्या गोळ्या मी तेव्हापासून जनऔषधी केंद्रातूनच घेते. ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर नाव टाकले की औषध यादीत आहे का आणि जवळचे केंद्र कुठे आहे ते दिसते, मात्र केंद्रात माल शिल्लक आहे की नाही त्यासाठी फोनच करावा लागतो.

पहिला डोस झाला त्या संध्याकाळी मला काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी वाजली, ताप 101 च्या वर गेला, आणि बोटांच्या पेरांपासून बरगड्यांपर्यंत प्रत्येक हाड वेगळे मोजता यावे असे दुखू लागले. पहिल्या डोसानंतर असे बऱ्याच जणांना होते, दोन-तीन दिवसांत ते जाते, पॅरासिटामोल घ्यायचे आणि पाणी भरपूर प्यायचे, हे सांगितलेले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. पुढच्या डोसांना अंग जेमतेम कसकसले. त्या तापातून उठल्यावर चौथ्या दिवशी, करायला दुसरे काही नव्हते म्हणून, मी पर्समधली पावती काढली आणि ओळीओळीने वाचली.

औषधाची बाटली 2,760 रुपये. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. बाकी डे-केअरच्या खाटेचे 2,500, इन्फ्युजन प्रोसीजर म्हणून 1,200, डॉक्टरांच्या भेटीचे 900 (ते त्या दिवशी फिरकले नव्हते), सलाइन, सुया, नळ्या, हातमोजे वगैरेंचे 1,085 आणि रक्ततपासणीचे 740. खाटेवर मी एकंदर पन्नास मिनिटे होते. हाच दर धरला तर सहा डोसांचे पंचावन्न हजारांवर जाणार होते, आणि आमचे दोघांचे घर माझ्या भविष्यनिर्वाह निधीच्या व्याजावर आणि ह्यांच्या तुटपुंज्या पेन्शनवर चालते.

नणंदेचा मुलगा औषध कंपनीत एम.आर., म्हणजे विक्री प्रतिनिधी, आहे. त्याला पावतीचा फोटो पाठवला, तर संध्याकाळी तो घरीच आला. “मामी,” तो म्हणाला, “एमआरपी म्हणजे याहून जास्त घेऊ नका, इतकेच. कमी किती घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे.” या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे आणि ते बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. एवढी स्पर्धा असताना भाव उतरायला हवा, आणि तो उतरतोही, फक्त रुग्णापर्यंत पोचत नाही. कारण कंपनीचे गिऱ्हाईक रुग्ण नसून खरेदी करणारे रुग्णालय किंवा दुकानदार असतो, आणि त्याला हवा असतो तो छापील किंमत आणि खरेदी किंमत यांच्यातला मोठा फरक. स्पर्धा होते ती त्या फरकाची. एकोणतीस वर्षे नफ्यातोट्याची पत्रके जुळवूनही ही गोष्ट मला कोणी सांगेपर्यंत सुचली नव्हती, याची मला थोडी शरमच वाटली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या डोसाच्या आधी, मी आणि भाचा आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, गेलो. इंदुरात जन्म गेला तरी त्या इमारतीत मी कधी पाऊल टाकले नव्हते. अरुंद बोळवजा मार्गांच्या दोन्ही बाजूंना खोक्यांनी कोंबलेली दुकाने, डोक्यावर खोकी घेऊन ‘साइड, साइड’ म्हणत धावणारे हमाल, आणि सगळीकडे पुठ्ठ्याचा व स्पिरिटचा मिश्र वास. मी बरोबर घरचा थर्मास नेला होता, त्यात बर्फ भरून. इंजेक्शन म्हणजे थंडच ठेवायचे असणार असे मी गृहीत धरले होते. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने डॉक्टरांचा पर्चा चष्मा वर करून वाचला, मागच्या फळीवरून काड्यापेटीहून जरा मोठी अशी एक डबी काढली, आणि माझा थर्मास पाहून म्हणाला, “आंटीजी, इसको बरफ नहीं लगता. बरफ में चाय बना लो.” भाचा हसला, मीही हसले. डबीवर साध्या खोलीच्या तापमानात ठेवण्याची सूचना छापलेलीच होती. आत बोटभर उंचीची काचेची बाटली होती आणि तिच्या तळाशी खडूच्या चुऱ्यासारखी पांढरी पूड. छापील किंमत रुग्णालयाइतकीच, थोडी इकडेतिकडे. मला ती 640 रुपयांना मिळाली. मी पक्के बिल मागितले, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहवून घेतली, आणि डबीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. पक्के बिल नसेल तर दोनशे रुपयांनी आणखी स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नकली औषधाचा धोका जिथे आहे तिथे बिल हाच काय तो आधार असतो.

बाटली घेऊन रुग्णालयात गेले तर डे-केअरच्या खिडकीवर नकार मिळाला. बाहेरचे औषध चालत नाही. का चालत नाही, असे विचारल्यावर सांगण्यात आले की बाहेर औषध कसे साठवले होते याची खात्री देता येत नाही, कोल्ड चेन, म्हणजे औषध सतत थंड ठेवण्याची साखळी, तुटलेली असू शकते. थर्मासाची फजिती ताजी असल्यामुळे मला उत्तर माहीत होते: या औषधाला कोल्ड चेन नसतेच. त्यावर ते वरिष्ठांना विचारून आले आणि म्हणाले, की मग तो रुग्णालयाचा नियम आहे. खरेदी नकली निघाली तर दोष आपल्यावर येईल ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, पण तसे असेल तर ते बिल आणि बॅच पाहून घेऊ शकले असते. रुग्णांना रुग्णालयातल्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती होते, ही तक्रार पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेली. 4 मार्च 2025 रोजी न्यायालयाने स्वतः आदेश न देता यावर धोरण ठरवण्याचे काम राज्यांकडे सोपवले. त्या दिवशी खिडकीसमोर मात्र माझ्या हातात 640 रुपयांची बाटली होती आणि ती लावायला जागा नव्हती.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत, उलट जरा ओशाळले, असे मला वाटले. आमच्या लोकमान्यनगरात घरचे डॉक्टर आहेत, त्यांचे चार खाटांचे नर्सिंग होम आहे. तिथे हे देता येईल का, असे मी विचारले. त्यांनी आपल्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिले: 4 मिलिग्रॅम, 100 मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये, पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही, कॅल्शियम असलेल्या कुठल्याही सलाइनमध्ये मिसळू नये, क्रिएटिनिन त्याच आठवड्यातले हवे आणि ते पाहिल्याशिवाय सुरू करू नये. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आणि घरच्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन केला. ही चिठ्ठी नसती तर मी नर्सिंग होमचा रस्ता धरला नसता. खर्च वाचवण्यासाठी ओळखीच्या कंपाउंडरला घरी बोलावून सलाइन लावून घेणाऱ्या एक-दोघी मला भेटल्या आहेत आणि त्यांना मी तसे करू नका असेच सांगते.

दुसऱ्या डोसाचा हिशेब असा पडला: बाटली 640, सलाइन-सुई-नळी 210, नर्सिंग होमचे 800, रक्ततपासणी 380; एकूण 2,030. घरच्या डॉक्टरांनी पंधराऐवजी पूर्ण अर्धा तास लावला, आणि तोवर त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला ताक आणून दिले.

मेडिक्लेमचे प्रकरण थोडक्यात सांगते. पहिल्या डोसाचे बिल मी विमा कंपनीकडे पाठवले होते, ते परत आले. केमोथेरपी असेल तर चोवीस तास भरती नसतानाही डे-केअर म्हणून पैसे मिळतात, पण हे औषध केमोथेरपी नाही, पूरक उपचार आहे, म्हणून नाही. डॉक्टरांच्या पत्रासह दोनदा लिहिले, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आले, आणि मग पत्रांच्या टपालखर्चापेक्षा दवा बाजार बरा म्हणून मी तो नाद सोडला. सरकारी बाजूने आमच्या घरात एक गंमतच झाली. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर आणि त्याहून अधिक वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. आमचे हे 72 वर्षांचे. त्यांचे कार्ड झटपट निघाले. पण ते संरक्षण घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांपुरतेच असते, त्यामुळे ज्यांना साधी सर्दी होत नाही त्यांच्या खिशात कार्ड आहे आणि मी बाहेर. ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवले आहे.

तिसरा डोस फेब्रुवारी 2025 मध्ये विनासायास झाला, 2,110 रुपयांत. चौथ्याच्या वेळी, ऑगस्टमध्ये, क्रिएटिनिन 1.1 आले. कागदावर तो आकडा साधारण मर्यादेच्या आतच होता आणि प्रयोगशाळेने त्याच्यापुढे तारांकितही केले नव्हते, म्हणून मी निश्चिंत होते. घरच्या डॉक्टरांनी मात्र सुई बाजूला ठेवली आणि माझे वजन विचारले. मूत्रपिंडे किती गाळतात त्याचा अंदाज असा काढतात: 140 मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचे, आणि स्त्री असेल तर 0.85 ने गुणायचे; मी घरी येऊन स्वतः करून पाहिले. वय 61, वजन 58 किलो: क्रिएटिनिन 0.8 असताना उत्तर 67 च्या पुढे होते, 1.1 ला ते 49 वर आले. हा आकडा 60 च्या खाली गेला की या औषधाचा डोस कमी करावा लागतो. आकडा का वाढला, याचे कारण त्यांनी दोन प्रश्नांत शोधले. लेट्रोझोलमुळे सांधे धरतात, सकाळी मूठ वळत नाही. त्यासाठी मी जून-जुलैत शेजारणीने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या जवळजवळ रोज घेत होते आणि कोणाला सांगितले नव्हते. त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्या बंद करून दहा दिवस भरपूर पाणी प्यायले, पुन्हा तपासले, तर क्रिएटिनिन 0.8 आले.

डोस 29 ऑगस्टला झाला. तपासणी दोनदा झाल्यामुळे खर्च 2,490 झाला. बाटली मात्र त्याच म्हाताऱ्याने 610 ला दिली आणि थर्मास कुठे आहे म्हणून विचारले. पाचवा डोस फेब्रुवारी 2026 साठी ठरला, त्याआधी दुसरी डेक्सा. चारही बाटल्यांची लेबले बॅच क्रमांकासह मी वहीत त्या त्या तारखेसमोर चिकटवून ठेवली आहेत; पहिलीचे लेबल रुग्णालयाकडून मागून आणावे लागले होते, त्यामुळे ते एका कोपऱ्यात फाटलेले आहे.